बाहेरची बटणे, आतली बटणे

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचे मागचे झाकण काढून आत डोकावण्याची संधी तुमच्यापैकी काहींना मिळाली असेल. बाहेरून पाहिले तर रेडिओला तीनच बटणे दिसतात. एक आवाज कमीजास्त करण्याचे, एक मध्यम लहरी की लघुलहरी हे निवडण्याचे आणि एक केंद्र लावण्याचे. आत मात्र धातूच्या लहान लहान चौकोनी डब्या दिसतात. त्यांच्या माथ्यावर स्क्रूला असते तशी खाच असते आणि पुष्कळदा त्या खाचेवर मेणाचा थेंब टाकलेला असतो. खरे पाहता हीदेखील बटणेच आहेत. आतल्या विद्युत मंडलांची वारंवारता त्यांनी जुळवलेली असते. कारखान्यात योग्य ती उपकरणे लावून ती एकदाच फिरवतात आणि मेणाने बंद करून टाकतात. एखाद्या हौशी माणसाने पेचकस घेऊन ती फिरवली, की रेडिओ खरखरू लागतो, आणि तो पुन्हा ताळ्यावर आणायला दुरुस्तीवाल्याकडेच जावे लागते. शिवाय मंडलातले कित्येक रोधक असे असतात, की त्यांना फिरवायला खाचही नसते.

म्हणजे रेडिओची आखणी करणाऱ्या अभियंत्याला प्रत्येक राशीबद्दल एक प्रश्न सोडवावा लागला. ही राशी ऐकणाऱ्याच्या हाती द्यायची, जाणकाराच्या हाती द्यायची, की कोणाच्याच हाती द्यायची नाही? आवाजाचे बटण पेटीच्या आत बसवले असते, तर रेडिओ निरुपयोगी झाला असता. आतल्या डब्यांची बटणे बाहेर आणली असती, तर तो आठवडाभरात बिघडला असता.

हाच प्रश्न आज संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे रोज उभा राहतो. तो ते कसा सोडवतात, आणि एक बटण चुकीचे बसले तर काय अनर्थ होतो, हे या लेखात पाहू.

प्रोग्रॅमच्या जगात लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. एकाने लिहून ठेवलेल्या आणि दुसऱ्या अनेकांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार आज्ञांचा संच, याला लायब्ररी म्हणतात. तिचा वापर करणारा हा तुमच्याआमच्यासारखा साधा गिऱ्हाईक नसून स्वतःच प्रोग्रॅम लिहिणारा असतो. लायब्ररीला प्लॅस्टिकची बटणे नसतात. त्यांच्या जागी नाव असलेल्या काही राशी असतात. त्यांना किमती दिल्या, की लायब्ररीचे वागणे बदलते. यांनाच सेटिंग म्हणतात.

समजा, तुमच्या वर्गाने साध्या लंबकाचा दोलनकाल काढून देणारी एक छोटी लायब्ररी लिहायची ठरवली. सूत्र तुम्हांला पाठ आहे. दोलनकाल लंबकाच्या लांबीवर आणि गुरुत्वीय त्वरणावर अवलंबून असतो. लांबी तर वापरणाऱ्याने सांगायलाच हवी. तिच्यावाचून गणितच होणार नाही. पण गुरुत्वीय त्वरणाचे काय? त्याची प्रमाण मानलेली किंमत ९.८०६६५ मीटर प्रति वर्ग सेकंद आहे. मुंबईच्या अक्षांशावर ती ९.७८६ च्या आसपास येते, तर ध्रुवांपाशी ९.८३. प्रत्येक वेळी ही किंमत विचारत बसलो तर वापरणारा कंटाळेल. अजिबात विचारली नाही, तर अचूक काम करणाऱ्याची अडचण होईल. मधला मार्ग असा, की कोणी काही सांगितले नाही तर ९.८०६६५ धरावे, आणि सांगितले तर सांगितलेली किंमत धरावी. काही न सांगता धरल्या जाणाऱ्या किमतीला डिफॉल्ट म्हणतात.

ही डिफॉल्ट किंमत चालेल का, हे गणिताने तपासता येते. एक मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल प्रमाण किमतीने २.००६४ सेकंद येतो, आणि मुंबईच्या किमतीने २.००८५ सेकंद. वीस दोलनांना फरक पडतो सुमारे ०.०४ सेकंदाचा. विरामघड्याळ दाबताना तुमच्या बोटाकडून होणारी दिरंगाई याहून मोठी असते. तेव्हा शाळेतल्या प्रयोगाला ही डिफॉल्ट किंमत बिनधोक आहे. चांगली डिफॉल्ट किंमत तीच, की जिच्यामुळे बहुतेकांना त्या बटणाकडे पाहावेच लागत नाही.

आता एककांकडे वळू. एका विद्यार्थ्याने लांबी म्हणून १०० हा आकडा दिला. त्याच्या मनात सेंटिमीटर होते. लायब्ररीने मीटर धरले. उत्तर आले सुमारे २० सेकंद. सुदैवाने हे उत्तर इतके विचित्र आहे, की कोणीही चमकेल. पण प्रत्येक चूक अशी ओरडून सांगत नाही. म्हणून शहाणे लोक राशीचे नाव नुसते ‘लांबी’ असे न ठेवता ‘लांबी_मीटर’ असे ठेवतात. चार अक्षरे जास्त लिहावी लागतात खरी, पण पुढचा घोटाळा टळतो.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आपले पाठ केलेले सूत्र लहान कोनांपुरतेच खरे आहे. लंबक २० अंशांतून सोडला, तर दोलनकाल सुमारे पाऊण टक्क्याने वाढतो. ही दुरुस्ती लायब्ररीत घालायची झाली, तर बटण कसे असावे? पहिला विचार सुचतो तो असा, की ‘कोनदुरुस्ती : होय किंवा नाही’ असे बटण ठेवावे. पण थांबा. वापरणाऱ्याला दुरुस्ती म्हणजे काय हे ठाऊक असेलच असे नाही. लंबक किती अंशांतून सोडला, हे मात्र त्याला नक्की ठाऊक असते! मग तेच विचारावे आणि दुरुस्ती केव्हा लावायची, हे लायब्ररीने स्वतः ठरवावे. आतल्या यंत्रणेची नावे बटणांवर लिहू नयेत. वापरणाऱ्याला जे माहीत आहे ते विचारावे. हे तत्त्व सांगायला सोपे आणि पाळायला अवघड आहे, कारण लायब्ररी लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी आतली यंत्रणाच घोळत असते.

हे तत्त्व बाजूला राहिले की काय होते, याचे एक घडलेले उदाहरण आता पाहू.

स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग या प्रोग्रॅमरने १९९८ साली ‘कर्ल’ नावाचे साधन प्रसिद्ध केले, आणि २००० साली त्यातूनच ‘लिबकर्ल’ ही लायब्ररी तयार झाली. इंटरनेटवरील एका संगणकावरून दुसऱ्यावर माहिती नेणे-आणणे हे तिचे काम. आज ती संगणकांत, मोबाइल फोनांत, दूरदर्शन संचांत, इतकेच काय मोटारगाड्यांतही असते. तिला शेकडो सेटिंगे आहेत आणि ती सर्व एकाच आज्ञेने लावायची असतात. सेटिंगचे नाव सांगायचे आणि पुढे किंमत लिहायची. या युक्तीचा फायदा असा, की नवे सेटिंग आले तरी जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालत राहतात. तोटा असा, की नावापुढे लिहिलेली किंमत त्या नावाला शोभते की नाही, हे सी भाषेचा संकलक सहसा ओळखू शकत नाही.

तुम्ही बँकेच्या संकेतस्थळाशी जोडणी करता, तेव्हा पलीकडचा संगणक एक प्रमाणपत्र दाखवतो. ते तपासताना दोन प्रश्न विचारायचे असतात. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक तुमचे प्रवेशपत्र कसे पाहतात, ते आठवा. पहिला प्रश्न, त्यावरचा शिक्का मंडळाचाच आहे ना? दुसरा प्रश्न, त्यावरचे नाव याच मुलाचे आहे ना? दोन्हींची उत्तरे ‘होय’ आली तरच मुलगा बाकावर बसतो. शिक्का अस्सल पण नाव दुसऱ्याचे, असे प्रवेशपत्र कुचकामाचे.

लिबकर्लमध्ये या दोन प्रश्नांसाठी दोन निराळी सेटिंगे आहेत. पहिले, शिक्क्याचे सेटिंग, सरळ आहे. शून्य म्हणजे तपासू नका, एक म्हणजे तपासा. दुसऱ्या, म्हणजे नावाच्या सेटिंगला मात्र तीन किमती होत्या. शून्य म्हणजे नाव पाहूच नका. दोन म्हणजे, प्रमाणपत्रावरचे नाव आपण ज्याला हाक मारली त्याचेच आहे, हे तपासा. आणि एक? एक म्हणजे, प्रमाणपत्रावर काहीतरी नाव लिहिलेले आहे, एवढेच पाहा! प्रवेशपत्रावर नावाची जागा कोरी नाही, एवढे पाहून मुलाला आत सोडण्यासारखेच हे झाले.

डिफॉल्ट किंमत योग्य होती. २००२ सालापासून ती दोन होती, म्हणजे जो प्रोग्रॅमर गप्प बसेल तो सुरक्षित राहील. गंमत, किंवा खरे तर दुर्दैव, असे की काही प्रोग्रॅमर गप्प बसले नाहीत. ते काळजीवाहू होते. ‘नावाची तपासणी हवी का?’ असा प्रश्न त्यांनी मनात वाचला आणि उत्तर लिहिले, ‘होय’. पीएचपी भाषेत ‘होय’चे संख्येत रूपांतर होते ते एकमध्ये. म्हणजे कुलूप घट्ट करायला गेलेल्या माणसानेच ते सैल करून ठेवले; आणि ओळ वाचणाऱ्याला मात्र ते घट्ट केल्यासारखे दिसत राहिले.

याचा परिणाम काय होतो? एखादा लबाड मनुष्य स्वतःच्या नावाचे, अगदी अस्सल शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळवतो. त्यात बेकायदा काही नाही. मग तो तुमच्या व बँकेच्या मध्ये शिरतो आणि बँकेच्या जागी आपले प्रमाणपत्र पुढे करतो. शिक्का तपासला जातो, तो खरा निघतो. नाव आहे का, आहे. जोडणी होते, आणि पैशांची माहिती भलत्याच्या हाती पडते. कुठेही दिवा लाल होत नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठ यांतील संशोधकांनी २०१२ साली हा प्रकार उजेडात आणला. पैसे स्वीकारण्यासाठी दुकानदारांना पुरवलेल्या अॅमेझॉनच्या पीएचपी भाषेतील लायब्ररीत ‘होय’ची ती ओळ त्यांना सापडली. इतर लायब्रऱ्यांतही याच जातीचे निरनिराळे दोष त्यांना आढळले, आणि त्यांनी त्याचा ठपका मुख्यतः बटणांच्या मांडणीवर ठेवला. मला हे पटते. लिबकर्लच्या माहितीपत्रकात तिन्ही किमतींचा अर्थ स्पष्ट लिहिलेला होता, हे खरे. परंतु ज्या बटणाचा आकारच होय-नाहीच्या बटणासारखा आहे, त्याला तिसरी जागा ठेवायची आणि ती मधोमध ठेवायची, हे माहितीपत्रकाने झाकता येत नाही. शिवाय ‘काहीतरी नाव आहे एवढेच पाहा’ ही तपासणी कोणाला कशासाठी हवी असेल? माझ्या मते, त्या जागेचा खरा गिऱ्हाईक कोणीच नव्हता.

आता दुरुस्ती कशी झाली ते पाहा, कारण शिकण्यासारखे तिच्यातच जास्त आहे. सरळ उपाय म्हणजे एक ही किंमत काढून टाकणे. पण जगभरच्या असंख्य प्रोग्रॅमांत ती लिहून बसलेली होती आणि लिबकर्लचे धोरण असे, की जुना प्रोग्रॅम मोडायचा नाही. २००६ सालापासून तिने आपल्या जोडणीचा साचा मोडलेला नाही. म्हणून नोव्हेंबर २०१२ च्या आवृत्तीत असे केले, की कोणी एक लिहिले तर लायब्ररी ते नाकारते, चूक झाल्याचे कळवते आणि सेटिंगला हात लावत नाही. पुष्कळ प्रोग्रॅमर असा चुकीचा निरोप वाचतच नाहीत. न वाचेनात का! सेटिंग जागच्या जागी, म्हणजे सामान्यतः दोनवरच राहते आणि बेसावध माणूसही वाचतो. पुढे सप्टेंबर २०१९ च्या आवृत्तीपासून एक आणि दोन यांचा अर्थ एकच करून टाकला. ‘होय’ लिहिणाऱ्याच्या मनात जे होते, तेच आता बटण करते. यासाठी सतरा वर्षे लागली. लायब्ररी एकदा लोकांच्या हाती गेली, की तिचे बटण हलवणे किती कठीण होते, ते यावरून कळेल.

आतापर्यंत आपण बटणाचा आकार पाहिला. ते बसवायचे कोठे, हा निराळा प्रश्न आहे. त्यासाठी मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी घेऊ. पायथन भाषेत आलेख काढण्यासाठी ती वापरतात आणि बारावीपर्यंत तुमच्यातील अनेकांची तिच्याशी गाठ पडेल. जॉन हंटर या मेंदूशास्त्रज्ञाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत संकेत पाहण्यासाठी ती लिहायला घेतली आणि २००३ साली प्रसिद्ध केली. २०१२ साली त्याचे निधन झाले. त्यानंतर अनेकांनी मिळून ती वाढवली. तिला सुमारे तीनशे सेटिंगे आहेत. रेषेची जाडी, अक्षरांचा आकार, कागदाची रुंदी, अक्षांवरच्या खुणा आत काढायच्या की बाहेर, असे सर्व काही.

समजा, तुम्हांला रेषा जाड हवी आहे. हे सांगण्याच्या जागा चार. पहिली जागा म्हणजे डिस्कवरची एक फाइल. तीत लिहिले, की तुमच्या सर्व प्रोग्रॅमांतल्या सर्व रेषा जाड होतात. दुसरी, प्रोग्रॅमच्या आरंभी लिहिलेली ओळ. तिने त्या प्रोग्रॅमपुरत्या रेषा बदलतात. तिसरी, प्रोग्रॅममधल्या काही ओळींपुरता केलेला बदल. त्या ओळी संपल्या की लायब्ररी जुन्या किमती आपण होऊन परत लावते. चौथी जागा प्रत्यक्ष रेषा काढण्याच्या आज्ञेत. चारही ठिकाणी निरनिराळे लिहिले, तर रेषेच्या सर्वांत जवळ लिहिलेले खरे मानतात. घरात आमटीच्या पातेल्यात मीठ सर्वांसाठी पडते, आणि ज्याला अधिक हवे तो आपल्या ताटात वाढून घेतो. ताटातल्या मिठाने शेजारच्याची आमटी खारट होत नाही.

पातेल्यात मीठ टाकणारे मात्र दोघे झाले की पंचाईत होते. मोठ्या प्रोग्रॅममध्ये दोन माणसांनी लिहिलेले दोन भाग असतात. एकाने प्रोग्रॅमभरची जाडी बदलली आणि ती तशीच सोडून दिली, तर दुसऱ्याचे आलेख त्याच्या नकळत बदलतात. प्रयोगशाळेत एका गटाने गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावरून सरकवून ठेवला, तर पुढच्या गटाची सर्व वाचने चुकतात, तसेच हे. म्हणून ती तिसरी जागा, काम झाले की आपोआप पूर्वपदावर येणारी, मला सर्वांत कौतुकाची वाटते. फाइलीच्या जागेबद्दल मात्र माझे मत तितके चांगले नाही. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालवला तिथली फाइल लायब्ररी आधी पाहते. त्यामुळे तोच प्रोग्रॅम दुसऱ्या फोल्डरमधून चालवला, की आलेखाचा चेहरा बदलू शकतो, आणि का बदलला हे शोधताना नाकी नऊ येतात.

सेटिंगचे नाव लिहिताना तुमच्या हातून एक अक्षर चुकले तर काय व्हावे? काही लायब्रऱ्या चुकलेले नाव मुकाट्याने बाजूला ठेवतात. तुम्हांला वाटते सेटिंग लागले. ते लागलेलेच नसते. मॅटप्लॉटलिब तसे करत नाही. प्रोग्रॅममधून अनोळखी नाव दिले, की ती तिथेच काम थांबवते. जाडीच्या जागी आकड्याऐवजी भलताच शब्द लिहिला तरीही थांबवते. नवशिक्यांना याचा राग येतो. शिक्षकांनी त्यांना सांगावे, की काटा शून्यावर नसलेल्या मीटरपेक्षा मुळीच न चालणारा मीटर बरा.

उरला डिफॉल्ट किमतीचा दुसरा अंक. तापमानासारखी राशी नकाशावर रंगांनी दाखवायची असते, तेव्हा कोणत्या तापमानाला कोणता रंग, हे एक सेटिंगच असते. बहुसंख्य लोक त्याला कधीच हात लावत नाहीत. मॅटप्लॉटलिबने आरंभी ‘जेट’ नावाची रंगमाला डिफॉल्ट ठेवली होती. मॅटलॅब या प्रसिद्ध प्रोग्रॅमचीही त्या काळची डिफॉल्ट तीच. गडद निळा, निळा, आकाशी, पिवळा, तांबडा, गडद तांबडा असा तिचा क्रम. दिसायला झगझगीत, पण तिच्यात दोन दोष आहेत. तापमान सावकाश व सारखे वाढत असले तरी आकाशी आणि पिवळ्या पट्ट्यांपाशी डोळ्याला कडा दिसतात. नसलेली सीमा असल्यासारखी भासते! दुसरा दोष काळ्यापांढऱ्या छपाईत उघड होतो. या रंगमालेची उजळता मध्यापर्यंत वाढते आणि पुढे उतरते. त्यामुळे सर्वांत थंड जागा आणि सर्वांत उष्ण जागा, दोन्ही सारख्याच काळ्या छापल्या जातात.

मॅटलॅबने २०१४ साली आपली डिफॉल्ट रंगमाला बदलली. मॅटप्लॉटलिबसाठी नॅथनिएल स्मिथ आणि स्टेफान व्हान डर वॉल्ट यांनी ‘व्हिरिडिस’ ही रंगमाला तयार केली. ती गडद जांभळ्यापासून हिरव्यातून पिवळ्यापर्यंत जाते आणि तिची उजळता एकसारखी वाढत राहते. तांबडा-हिरवा भेद ज्यांना दिसत नाही, त्यांनाही ती वाचता येते. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीपासून ती डिफॉल्ट झाली. त्याच वेळी डिफॉल्ट रेषेची जाडी एक बिंदूवरून दीड बिंदू झाली, इतरही पुष्कळ बदलले. ज्यांना जुन्या लेखांतील आलेख हुबेहूब तसेच पुन्हा काढायचे असतील, त्यांच्यासाठी ‘क्लासिक’ नावाची एक शैली ठेवली आहे. तिच्या एका ओळीने जुने सर्व डिफॉल्ट परत येतात.

शाळेच्या संगणकावर पायथन व ही लायब्ररी असेल, तर शिक्षकांच्या मदतीने एक प्रयोग करता येईल. धातूच्या पट्टीचे एक टोक तापवले आहे असे समजून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या गतीने वाढणारे शंभर आकडे घ्या. त्यांचे चित्र एकदा जेटने आणि एकदा व्हिरिडिसने काढा. दोन्ही चित्रे काळ्यापांढऱ्या प्रिंटरवर छापा. मग ज्या मित्राने रंगीत चित्रे पाहिलेली नाहीत, त्याला विचारा, की पट्टीचे तापलेले टोक कोणते?